मदत हवी आहे : चौऱ्याहत्तराव्या वर्षी आयसीडी बसवावे का?
माझ्या वडिलांच्या हृदयाचे स्नायू अशक्त झाले असून इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतले किती रक्त बाहेर फेकते ते प्रमाण) ३० टक्के आहे. रक्तवाहिन्यांत अडथळा मात्र नाही. डॉक्टरांनी आयसीडी, म्हणजे छातीत बसवायचे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र, सुचवले आहे. ठोक्यांची लय जीवघेणी बिघडल्यास हे यंत्र शॉक देऊन ती पूर्ववत करते, हृदयाची कमजोरी मात्र त्याने बरी होत नाही. अशाच रुग्णांवरील २०१६ च्या डेन्मार्कमधील अभ्यासात अचानक होणारे मृत्यू कमी झाले, तरी एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही आणि वाढत्या वयात लाभ घटत गेला, हे वाचल्यापासून निर्णय फार अवघड झाला आहे. ज्यांच्या घरी या वयात यंत्र बसवले, त्यांना विनाकारण बसणारे शॉक, जंतुसंसर्ग किंवा बॅटरी संपल्यावरची शस्त्रक्रिया यांचा कितपत त्रास झाला? अखेरच्या आजारपणात शॉक बंद ठेवण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलणे झाले होते का?