जलपर्णीचे तंतू रेझिनमध्ये का धरत नाहीत?

प्रश्न:
नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. नदीतून काढलेल्या जलपर्णीचे देठ वाळवून व कुटून पॉलिएस्टर रेझिनमध्ये (साच्यात ओतल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) घालायचे आणि ग्लास फायबरला पर्याय उभा करायचा, असा आमचा प्रकल्प आहे. परंतु ताण दिल्यावर आमचे नमुने नुसत्या रेझिनपेक्षाही आधी तुटतात आणि तुटलेल्या कडेवर तंतू अख्खेच्या अख्खे उपसून आलेले दिसतात. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1:
तंतू अख्खे उपसून येतात, म्हणजे रेझिनने त्यांना धरलेलेच नाही. तंतू ज्याचे बनलेले असतात ते सेल्युलोज पाणी ओढून घेते आणि पॉलिएस्टरला पाण्याचे वावडे, त्यामुळे दोघांचे सूत जुळत नाही. तंतू साधारण 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही तास भिजवून, धुण्याच्या पाण्याचा सामू 7 होईपर्यंत स्वच्छ धुवावेत. हेमिसेल्युलोज (सेल्युलोजभोवतीचा कमकुवत घटक) आणि मेणचट थर निघून गेल्यावर पृष्ठभाग खडबडीत होतो व रेझिनला पकड मिळते. मात्र द्रावण फार तीव्र ठेवल्यास खुद्द सेल्युलोजच कमकुवत होते. उन्हात वाळलेला तंतूही हवेतील ओलावा पुन्हा शोषतो. म्हणून साच्यात घालण्यापूर्वी तो ओव्हनमध्ये 105 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा.

उत्तर 2:
वरील सूचना योग्यच आहे, पण मूळ अडचण कुटण्यात असावी असे मला वाटते. देठाचा आडवा काप भिंगाखाली धरून पाहा: जाळीदार, हवेने भरलेल्या कप्प्यांचा भुसभुशीत गाभा आणि त्यात विखुरलेले मोजकेच तंतू दिसतील. या कप्प्यांमुळेच वनस्पती तरंगते. परंतु गाभा तंतूंबरोबर रेझिनमध्ये गेला की पोकळ्या राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. गाभा खरवडून काढा, तंतू लांब ठेवा, एका दिशेने रचा. एवढे करूनही ग्लास फायबरची बरोबरी होणार नाही. तुलना करायची तर तागाशी किंवा घायपाताशी करावी. भार न पेलणारे पार्टिशन, छताखालचे फलक, हे उद्दिष्ट मला अधिक प्रामाणिक वाटते.

उत्तर 3:
ताज्या जलपर्णीच्या वजनात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यामुळे टनभर माल वाहून आणून हाती शंभर किलोही कोरडा माल लागत नाही. वाळवणी काठावरच करा, पण पुराच्या रेषेच्या वर, कारण एखादे जिवंत रोपही पाण्यात परत गेले तर नव्याने पसरते. ही वनस्पती सांडपाण्यातील शिसे व कॅडमियम शोषून घेते, म्हणून तंतूंची धातूंसाठी तपासणी झाल्याशिवाय कोरड्या मालाचे कटिंग मास्कविना करू नका.