गाणं लिहायला शिकायचं तर आधी आपले गीतकार गिरवावेत का?

मुठाकाठ (कोथरूड): परवा मित्राने चाल दिली, म्हणाला यावर शब्द बसव. मी अर्थाच्या मागे लागले. गायला बसलो तर जिथे सूर लांबवायचा, नेमकं तिथे माझं 'निमित्त'! जोडाक्षरावर गळा अडला. घरी येऊन बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार' वहीत उतरवलं आणि बोटांवर मोजलं. आठ अक्षरं, पुढच्या ओळीतही आठच. इतकी वर्षं ऐकतेय, कधी लक्षातच आलं नव्हतं. माझं मत: स्वतःचं लिहिण्याआधी वर्षभर आपल्या मातीतली गाणी अशी हाताने उतरवावीत, मोजावीत.

शेवटची एसटी: अजिबात पटलं नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली. त्यांनी कुठे बोटं मोजली? मोजून शिकलेल्यांच्या गाण्यात तेच चांदणं, तोच पाऊस, तीच सखी. रात्री अकराला स्वारगेटला पिशवीवर डोकं टेकून बसलेला माणूस कुणाच्याच गाण्यात येत नाही. आणि पुण्यात बसून गावाकडची बोली उसनी घेतली की ती लगेच कळते.

मुठाकाठ: शांता शेळके इंदापूरला जन्मल्या, पुण्यात शिकल्या. तरी 'मी डोलकर', 'वादळवारं सुटलं गो' त्यांचीच, आणि कोळीवाड्यातही ती परकी वाटत नाहीत. कान देऊन शिकल्याशिवाय हे होतं का? बहिणाबाईंचंही तेच. जात्यावरची ओवी लहानपणापासून कानात मुरलेली, मोजायची गरजच नव्हती. माझ्या कानात ती नाही, म्हणून बोटं.

जुना श्रोता, सदाशिव पेठ: दोघांचंही एक राहतंय. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. दर आठवड्याला नवं गाणं, एकूण छप्पन्न. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, आणि प्रक्षेपणाची वेळ काही टळायची नाही. वर्षभर नुसतं उतरवत बसू नका. आठवड्याला एक गाणं पुरं करा, वाईट झालं तरी.

शेवटची एसटी: हे मान्य. कान देणंही मान्य. पण तो कान स्टँडवरच्या बोलण्यालाही द्या, नुसत्या जुन्या गाण्यांना नको.

मुठाकाठ: देते. आज 'निमित्त' काढून तिथे 'दारा' घातलं. शेवटचा 'आ' मोकळा राहिला, मित्राने सूर हवा तेवढा लांबवला. कडव्यात तुमचा पिशवीवाला बसतोय का बघते, शनिवारपर्यंत.