साळिंदर, साळू, सायाळ: गोष्टीतल्या काटेवाल्याला नेमकं काय म्हणायचं?

गोरेगावहून प्रश्न

वाचनालयात शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. सध्या काटेरी प्राण्यांच्या गोष्टी जमवतोय. अडचण अशी की मराठी भाषांतरात अंगावर काटे असलेला जो कुणी भेटतो तो साळिंदरच असतो. एका गोष्टीत साळिंदर अंगाचा गोळा करून उतारावरून गडगडत गेलं, पुढच्या गोष्टीत ते झाडाच्या शेंड्यावर बसून साल कुरतडत होतं. चौथीतल्या एकीने लगेच विचारलं, "हे तेच का?" साळू आणि सायाळ म्हणजे तरी आणखी वेगळे प्राणी की हेच?

दादरहून

हेच. विदर्भ-मराठवाड्याकडे सायाळ ऐकाल, कोकणात साळ, पुस्तकांत साळिंदर आणि साळू. मूळ संस्कृत शल्यक. शल्य म्हणजे काटा, बाणाचं टोक. रामायणात वाली मरताना रामाला ऐकवतो की पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाचच खाण्याजोगे, मग माझ्यासारख्या वानराला का मारलंस? त्या पाचांत शल्यक आणि श्वाविध असे दोघे शेजारीशेजारी आहेत. म्हणजे काटेवाल्यांना एकाहून जास्त नावं तेव्हाही होती. गृह्यसूत्रांत सीमंतोन्नयनाला गर्भवतीचा भांग साळिंदराच्या काट्याने पाडायला सांगितलंय, तिथे काट्याला वेगळा शब्द आहे: शलली. तो मराठीत काही उतरला नाही.

लेखनाचं म्हणाल तर 'साळिंदर'च. चिंच, भिंग, लिंबू यांच्याप्रमाणे अनुस्वाराआधीची वेलांटी ऱ्हस्व. जुन्या छपाईत 'साळींदर' दिसतं.

बोरिवलीहून

नॅशनल पार्कच्या कुशीत राहते म्हणून चार शब्द. आपल्या जंगलातलं साळिंदर झाडावर चढत नाही. ते रात्रिंचर, बिळात राहणारं, कंदमुळं खाणारं. कुरतडणाऱ्या प्राण्यांतलं म्हणजे उंदीर-खारींच्या गोतावळ्यातलं. वजन अकरा ते अठरा किलो. हाडं आणि गळून पडलेली शिंगंही कुरतडतं, कॅल्शियमसाठी. झाडावर बसतं ते उत्तर अमेरिकेतलं साळिंदर. तिथल्या ओजिब्वे या मूलनिवासी लोकांच्या गोष्टीत ते काटेरी झुडपाच्या फांद्या पाठीवर घेऊन अस्वलापासून वाचतं, म्हणून पुढे त्याला कायमचे काटे मिळतात. तिथे 'साळिंदर' बरोबरच आहे, फक्त 'अमेरिकेतलं' एवढं आधी सांगावं.

गोळा करणारा मात्र साळिंदर नव्हेच. तो हेजहॉग: किडे खाणारा, ओंजळीत मावेल एवढा, साळिंदराशी नात्याचा नाही. 'ॲलिस इन वंडरलँड'मध्ये (१८६५) राणीच्या क्रोके या चेंडू टोलवायच्या खेळात जिवंत हेजहॉग चेंडू असतात आणि फ्लेमिंगो बॅट. तिथे 'साळिंदर' लिहिलं की पंधरा किलोचा चेंडू फ्लेमिंगोच्या मानेने टोलवायचा! शिवाय साळिंदर गोळा होतच नाही. ते पाठ वळवतं, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं आणि मग उलट्या पावली धावून येतं. मुलांना यातच जास्त मजा येईल.

पार्ल्याहून

मग हेजहॉगला मराठी शब्द काय? 'काटेचेंडू' कसा वाटतो?

दादरहून

झुडपाचं नाव वाटतं. आपल्या देशात हेजहॉग आहेत, पण राजस्थान-गुजरातच्या आणि दक्षिणेत तमिळनाडूकडच्या कोरड्या भागात; मुंबईतल्या मुलांनी तो पाहिलेला नाही, म्हणून रोजच्या बोलण्यात नाव नाही. २०१६ मध्ये राणीच्या बागेत पेंग्विन आले, कुणाचं अडलं? हेजहॉगही खुशाल हेजहॉग राहू दे.

गोरेगावहून

पटलं. पण बोरिवलीच्या ताई, काटे 'फेकतं' हे खरं नाही ना? दोन पुस्तकांत तसं छापलंय.

बोरिवलीहून

नाही हो. काटे म्हणजे कडक झालेले केस. सहज सुटतात आणि समोरच्याच्या अंगात रुतून राहतात, म्हणून फेकल्यासारखं वाटतं. 'काटे रोखले', 'काटे फुलवले', 'काटे रुतले' म्हणा. 'बाण सोडले' नको. आणि 'साळिंदराच्या अंगावर काटा आला' ही ओळ कुणीतरी गोष्टीत वापराच. त्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी!

ठाण्याहून

लिंगाचं कुणी बोललं नाही. साळिंदर नपुंसकलिंगी, सायाळ आणि साळू स्त्रीलिंगी. गोष्टीत याने पात्रच बदलतं. 'ते साळिंदर' जंगलात राहतं, 'ती सायाळ' आपल्या पिल्लांना कंद उकरून देते. बहुतेक भाषांतरकार सवयीने 'साळिंदरदादा' करतात आणि रागीट, एकलकोंडा दादा घडवतात. माझं मत विचाराल तर आई असेल तिथे सायाळ वापरा. 'साळू' लहान मुलांपुढे टाळते. शहरातल्या मुलांना साळुंकी आठवते, आणि आजीला साळीचे तांदूळ.

पार्ल्याहून

थोडं मोठ्या मुलांसाठी: जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरने १८५१ मध्ये एक छोटी रूपककथा छापली. थंडीत प्राणी उबेसाठी जवळ येतात, काटे टोचले की लांब सरकतात, पुन्हा गारठतात. शेवटी बरोबर तेवढं अंतर सापडतं. आठवी-नववीच्या मुलांना, मैत्री नव्याने जमत-मोडत असते त्या वयात, ही फार भिडते. इंग्रजीत तिला 'हेजहॉगची कोंडी' म्हणतात, पण मूळ जर्मनमध्ये प्राणी साळिंदरच आहे. तेव्हा इथे निर्धास्त साळिंदर लिहा, इंग्रजीवरून हेजहॉग करू नका.

गोरेगावहून

मग या शनिवारी ओजिब्वेंची गोष्ट 'अमेरिकेतलं साळिंदर' म्हणून, आणि मोठ्यांच्या गटाला शोपेनहॉवरची. गोळा होणाऱ्याच्या गोष्टीत सगळीकडे पेन्सिलीने 'हेजहॉग' करून ठेवलंय. त्यात तो एके ठिकाणी शेपटीही खुळखुळवतो. ती ओळ मात्र वाचताना गाळावी लागेल.