दर राउंडला एकच लिंक तुटते, तरी मेसेज हरवतो. काय चुकतंय?

रिंगवाला:
सिम्युलेशन लिहितोय, ७ नोडची रिंग, म्हणजे गोलात जोडलेले ७ कॉम्प्युटर, प्रत्येकाची लिंक फक्त दोन शेजाऱ्यांशी. एका राउंडला मेसेज एक लिंक पार करतो. १ नंबर ४ ला मेसेज पाठवतो, एक कॉपी २-३ वरून, दुसरी ७-६-५ वरून. शत्रू दर राउंडला एकच लिंक बंद पाडू शकतो, कुठली ते तो ठरवणार. रस्ते एकमेकांना कुठेच शिवत नाहीत म्हणजे एक तरी कॉपी पोचायलाच हवी ना? दोन्ही गायब होतायत. दोन दिवस झाले कोड उकरतोय, बग सापडेना.

आलेखप्रेमी:
कोड ठीक असणार, हिशोब चुकलाय. एक लिंक ही मर्यादा एका राउंडची आहे, अख्ख्या प्रवासाची नाही. पहिल्या राउंडला तो १-२ तोडतो, एक कॉपी तिथेच मेली, दुसऱ्या राउंडला दुसरी कॉपी ७ वर पोचलेली असते तेव्हा ७-६ तोडतो, संपलं. तुझे नोड मेसेज एकदाच पुढे ढकलून मोकळे होतात ना, तिथेच घात होतो.

त्यापेक्षा ज्याला मेसेज मिळालाय त्याने तो दर राउंडला सगळ्या शेजाऱ्यांना परत परत पाठवायचा. आता बघ, मिळालेले एका बाजूला आणि न मिळालेले दुसऱ्या बाजूला धर, रिंगमध्ये या दोघांना जोडणाऱ्या लिंक कमीत कमी दोन असतातच, शत्रू एक तोडेल, दुसरीवरून एक तरी नवा नोड सामील होणार म्हणजे होणार. शत्रू कितीही हुशार असू दे, ६ राउंडात सगळ्यांना मिळालंच. मला हे आर्ग्युमेंट फार आवडतं, कुठला रस्ता वाचला ते शोधावंच लागत नाही. दर राउंडला f लिंक तुटत असतील तर ग्राफ (नोड आणि लिंकचं जाळं) f+1 एज-कनेक्टेड हवा, म्हणजे कुठल्याही f लिंक काढल्या तरी तो जोडलेलाच राहायला हवा, आणि एकूण नोड n असतील तर n-1 राउंड पुरतात.

रिंगवाला:
चाललं!! सगळे डाव लावून पाहिले, सर्वात वाईट केसला ६ व्या राउंडला ४ कडे पोचलं. पण शत्रूने लिंक तोडण्याऐवजी मेसेजच बदलला तर? सीआरसी (मेसेजवरून काढून सोबत जोडायचा तपासणीचा आकडा) लावू का?

बिटराखण:
सीआरसी अपघाताने उलटलेल्या बिटसाठी आहे, मुद्दाम बदलणारा सीआरसी पण नवीन काढून चिकटवेल. डिजिटल सिग्नेचर लाव, म्हणजे पाठवणाऱ्याच्या गुप्त कीने केलेली सही, आणि ती तपासायची पब्लिक की सगळ्या नोडना आधीच देऊन ठेव. सही जुळली नाही की मेसेज फेकून द्यायचा, म्हणजे बदललेला मेसेज हा हरवलेल्यासारखाच झाला आणि वरचं आर्ग्युमेंट जसंच्या तसं चालतं. सहीशिवाय करायचं तर रिंग विसर. त्याच त्या f लिंक कायम खोटं बोलत असल्या तरी 2f+1 वेगळे रस्ते आणि बहुमत लागतं, म्हणजे एका लिंकसाठी तीन रस्ते, तुझ्याकडे दोनच आहेत, दोघांनी वेगळं सांगितलं तर खरं कोणाचं मानणार?

आणि सहीच्या आत मेसेजचा नंबर टाकायला विसरू नकोस, नाहीतर शत्रू तुझा जुनाच मेसेज पुन्हा सोडेल आणि सही तर त्याचीही जुळते.