नवशिक्या मुलांना नीटनेटका कोड लिहिण्याची सवय कशी लावावी?

प्रश्न :
मी सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना रविवारी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. त्यांचे प्रोग्राम चालतात, पण सगळ्या व्हेरिएबलची (म्हणजे किमती साठवणाऱ्या घरांची) नावे क, ख, ग अशी असतात आणि त्याच सहा ओळी चार ठिकाणी चिकटवलेल्या आढळतात. मॉड्युलॅरिटी (कोडचे छोटे स्वतंत्र भाग पाडणे), रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची रचना सुधारणे) हे शब्द मी फळ्यावर लिहिले, मुलांनी वहीत उतरवून घेतले, आणि कोड होता तसाच राहिला. जड परिभाषा टाळून हे कसे शिकवावे?

उत्तर १ :
आधी नियम सांगूच नयेत. मुलांकडून नग आणि दर घेऊन आठवड्याची मजुरी काढणारा प्रोग्राम लिहून घ्यावा, तो पंधरा दिवस बाजूला ठेवावा आणि मग वह्या बदलाव्यात तसे प्रोग्राम आपसांत बदलून, ‘आता यात उचल वजा करा’ असे सांगावे. ‘ख’ म्हणजे दर की नग, हे शोधण्यात अर्धा तास गेला की नावांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नावही देता येते. मात्र इफ, फॉर हे शब्द इंग्रजीतच लिहावे लागत असल्याने कळफलक सतत बदलावा लागतो, म्हणून मी रोमन लिपीतील मराठी नावे सुचवतो.

उत्तर २ :
आपल्या मुलांच्या घरी किंवा शेजारी माग असेलच. जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणण्याच्या यंत्रणेवर, नक्षीची छिद्रे पाडलेली कार्डे एका साखळीत ओवलेली असतात आणि तीच साखळी पुन्हा पुन्हा फिरते, त्यामुळे एका कार्डातले छिद्र चुकले तर चूक चादरभर उमटते, पण दुरुस्ती त्या एकाच कार्डात करावी लागते. फंक्शन, म्हणजे एकदाच लिहून हवे तिथे नावाने बोलवायच्या ओळी, असेच आहे, हे मुलांना लगेच पटते. चिकटवलेल्या ओळींचे मात्र उलटे होते : चूक एक, दुरुस्त्या चार, आणि त्यांपैकी एक हमखास राहून जाते.

उत्तर ३ :
वरील दोन्ही उपाय चांगले आहेत, तरी परिभाषा कायमची टाळणे मला मान्य नाही, कारण पुढे मदत शोधायची ती याच शब्दांनी. अनुभव आधी आणि नाव नंतर, एवढाच क्रम पाळावा. एक सवय मात्र पहिल्याच दिवशी लावावी : प्रोग्राम अडला की लाल अक्षरांना न घाबरता संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी, कारण चूक कोणत्या प्रकारची आहे हे पायथॉन तिथे सांगतो, आणि कोडमधली जागा तिच्या वरच्या ओळींत सापडते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. अदलाबदलीचा प्रयोग करीनच, पण दुसऱ्याच्या कोडला हसण्याची खोड आमच्या वर्गात फार आहे.

उत्तर १ :
मग पहिला प्रोग्राम आपला स्वतःचा, कॉलेजातला जुना द्यावा. माझ्या वर्गात मुले पोटभर हसली आणि पुढच्या रविवारी निम्म्यांनी आपापल्या व्हेरिएबलची नावे कोणी न सांगता बदलून आणली.