मदत हवी आहे: पॅडलमध्ये बांदेखा आणि बीबोरा या फटक्यांत फरक काय?

मंडळी, आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी माद्रिदला आलोय. ऑफिसातले लोक दर गुरुवारी पॅडल खेळतात (इथे पादेल म्हणतात), चौथा भिडू कमी पडला म्हणून मला ओढलं. पुण्यात सोसायटीत बॅडमिंटन खेळलोय, म्हटलं जमेल, कोर्ट केवढंसं तर 20 मीटर बाय 10, मागे काचेच्या भिंती, टप्पा पडून चेंडू काचेला लागला तरी खेळ चालूच, गुण टेनिससारखे. पण हे लोक ओरडतात त्यातलं अर्धं कळत नाही आणि कळेपर्यंत चेंडू गेलेला असतो. 'मिया' म्हणजे माझा आणि 'तूया' म्हणजे तुझा हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण दोघंही बघत उभे राहिलो आणि चेंडू मधोमध पडला.

खरं दुखणं असं की डोक्यावर चेंडू आला की माझा हात आपोआप वर जातो आणि मी सण्णकन स्मॅश हाणतो. आवाज काय मस्त येतो! मग चेंडू त्यांच्या मागच्या काचेवर आदळून असा छातीएवढा, अलगद पुढे येतो की समोरचा हवा तिथे मारतो. माझा पार्टनर पन्नाशीचा, पोट सुटलेलं, धावत तर अजिबात नाही तरी सगळ्यांना भारी पडतो. तो दर वेळी 'बांदेखा! बांदेखा!' ओरडतो, मधेच 'बीबोरा'. विचारलं तर हवेत हात फिरवून दाखवतो, मला दोन्ही सारखेच दिसतात.

अजून दोन शंका. माझी सर्व्हिस बरोबर चौकोनात पडली, मग बाजूच्या तारेच्या जाळीला लागली, तर म्हणे फॉल्ट. काचेला लागली की चालते आणि जाळीला नाही? गंडवतायत का? आणि परवा सगळे 'नेवेरा' म्हणून हसत होते. डिक्शनरीत फ्रीज असा अर्थ आहे. माझ्यावर हसले का?

दुबईकर_काकू: अरे, सगळ्या बॅडमिंटनवाल्यांचं हेच होतं, मी पण त्यातलीच. बांदेखा म्हणजे ट्रे. वेटर खांद्याशी ट्रे धरून येतो ना, हात तसा दिसतो म्हणून. पॉइंट जिंकायला मारायचाच नाही तो, नेटवरची जागा सोडायला लागू नये म्हणून मारायचा. चेंडू वर गेला की आधी आडवा हो, डावा हात चेंडूकडे, बॅट आधीच खांद्याशी तयार. आणि हात ताणून वर मारू नकोस, चेंडू डोक्याच्या उंचीला, जरा पुढे येऊ दे आणि खालून कापल्यासारखा स्लाइस दे. जोर नाही! हळू आणि खोल गेला की काचेवरून उठतच नाही, समोरच्याला वाकून काढावा लागतो. तुझा स्मॅश काचेवरून परत येतो तो जोरामुळेच. ग्रिप हातोडी धरतो तशी.

बीबोरा म्हणजे विषारी साप, आपली घोणस समज. तयारी तीच पण चेंडू शरीराच्या जरा बाजूला घेऊन कडेने फिरकी द्यायची, वेग जास्त. बाजूच्या काचेला लागून सरपटत जातो. पाय स्थिर असले तरच. डोक्यावरून उंच टाकलेल्या लॉबने तुला मागे ढकललं असेल तर मुकाट्याने बांदेखा. पहिले तीन महिने बीबोराचं नाव काढू नकोस.

पेठेतला_परदेशी: गंडवत नाहीयेत, नियमच आहे. सर्व्हिस टप्प्यानंतर काचेला लागली तर चालते, दुसऱ्या टप्प्याआधी जाळीला लागली तर फॉल्ट. हे फक्त सर्व्हिसला, रॅलीत टप्पा पडून जाळीला लागला तर खेळत राहायचं. जाळीवरून चेंडू कुठे उडेल देवालाही सांगता येत नाही, त्यामुळे सर्व्हिसला ती सूट दिली असती तर सगळे तिथेच मारत बसले असते.

नेवेराबद्दल, वाईट वाटून घेऊ नका पण समोरचे सगळे चेंडू तुमच्याकडेच मारत असणार. कच्च्या भिडूवर मारा करायचा आणि चांगल्याला चेंडूच द्यायचा नाही, म्हणजे तो फ्रीजमध्ये. थंड पडतो.

फुगेवाला: माझा आवडता शब्द ग्लोबो, म्हणजे फुगा, म्हणजे लॉब. आपल्याकडे गल्ली क्रिकेटमध्ये उंच कॅच गेला की कोणीतरी म्हणायचंच ना फुगा! आणि चिकीता म्हणजे चिमुकली, नेटवर उभ्या असलेल्याच्या पायाशी हळूच टाकायचा. अवांतर: खेळ स्पेनचा नाही हां, मेक्सिकोत अकापुल्कोला 1969 मध्ये एन्रिके कोर्कुएरा यांनी घरी पहिलं कोर्ट बांधलं. स्पेनमध्ये तो नंतर, 1974 मध्ये मार्बेयाला आला.

धागाकर्ता: काकू, दंडवत! काल अकरा बांदेखा मारले, सात नेटमध्ये, तीन बरे, आणि एक असा पडला की समोरचा वाकला आणि चेंडू त्याच्या बॅटखालून गेला. पार्टनर काही बोलला नाही, नुसती बॅट बॅटला टेकवली. पुढच्याच फुग्याला हात परत वर गेला तो भाग सोडा.

@पेठेतला_परदेशी, म्हणजे फ्रीजमध्ये मी नव्हतोच, तो बिचारा होता! चार महिने!

आता नवीन: काल मागच्या काचेवरून उंच आलेल्या चेंडूला 'बाखादा' ओरडत होते. हे काय असतं? कोणी जागं आहे का?