तापीत मोठा रोहू लागल्यावर रॉड कसा धरावा?

भुसावळकर: 8 फुटी रॉड, 10 पौंडी लाइन (म्हणजे 10 पौंड, साधारण साडेचार किलो ओढ झेलणारी दोरी), स्पिनिंग रील. हतनूर धरणाच्या खाली धारेत मोठा मासा लागला की रॉडचं टोक तुटतं, नाहीतर गळ सुटतो. कोन किती ठेवायचा, भाऊ?

गिरणाकाठ: रॉड आणि लाइन यांच्यात 45 ते 60 अंश. मासा पायाशी आला की बरेच जण रॉड खांद्यामागे नेतात. मग सगळा ताण एकट्या टोकावर येतो आणि ते मोडतं. हात मुठीवरच ठेवा, वर रॉडला धरू नका. ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीला लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक, वजनकाट्याला लाइन बांधून तपासा, सव्वा किलोच्या ओढीला सुटला पाहिजे.

पांझरा_धुळे: उभ्या रॉडने मासा नुसता वर येतो आणि डोकं झटकतो, गळ तिथंच सुटतो. रॉड आडवा, पाण्यालगत धरा; मासा डावीकडे पळाला की उजवीकडे दाब द्या. ड्रॅग करकरत असताना हँडल अजिबात फिरवू नका, लाइनला पीळ पडतो. धारेबरोबर खाली गेला तर काठाकाठानं त्याच्या बरोबरीला जा, नाहीतर माशासोबत धारेचा जोरही ओढत बसाल.

भुसावळकर: आणि जाळीत घेताना?

गिरणाकाठ: टोकापासून रॉडच्या लांबीइतकी लाइन बाहेर ठेवा. जाळी आधीच पाण्यात बुडवा, माशाचं डोकं तिच्यावर आणा, मग उचला. ड्रॅग त्या वेळी थोडा सैल करा, शेवटची उसळी हमखास येते.